साळवे गुरुजींची मुरुडशेंग

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. परवाच मी घरात ठामपणे म्हणालो की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या पूर्वेला होत्या. बायको म्हणाली, "मग संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून माझ्याकडून पडदे कुणी शिवून घेतले होते?" पडदे शिवून घेतले होते, हे खरं. म्हणजे खिडक्या पश्चिमेला. जन्मभर विद्यार्थ्यांना 'लिहून ठेवा, लक्षात राहील या भ्रमात राहू नका' असं बजावणाऱ्या माणसाची ही अवस्था!

किस्से प्रयोगशाळेत काजळीसारखे साठतात. रोज कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या दिवशी सहज भिंतीला हात लागतो आणि तळवा काळा होतो. तेव्हा जसे आठवतात तसे सांगतो. चूक निघाली तर माझी समजा.

नगरहून मनमाड रोडने कोल्हारकडे निघालं की वाटेत, रस्त्यापासून जरा आत, आमचं फार्मसी कॉलेज होतं. मी तिथे औषधशास्त्र शिकवायचो. म्हणजे औषध पोटात गेल्यावर शरीराचं काय करतं, ते. दुपारच्या चहाला आम्ही चौघं जमायचो. मी, वनौषधी शिकवणारे गाडेकर, प्राणिगृह सांभाळणारे भागवतमामा, आणि एम.फार्म. करणारी रूथ साळवे. गाडेकर पन्नाशीचे, अविवाहित, जिभेला हाड नसलेले. मामा माळकरी. रूथ कोल्हारची, तिथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या साळवे गुरुजींची एकुलती मुलगी. पुढचं सगळं तिच्या प्रबंधाच्या काळातलं आहे.

* * *

प्रबंधाचा विषय ठरवण्याची बैठक होती. रूथने विषय मांडला: मुरुडशेंगेच्या अर्काचा प्राण्यांच्या आतड्यांच्या हालचालीवर होणारा परिणाम. मुरुडशेंग तुम्ही पाहिली असेल. दोरीसारखी पिळलेली, बोटभर शेंग. लहान बाळाच्या गुटीत तिचे वेढे उगाळतात, आणि मोठ्या माणसाच्या पोटात मुरडा आला की काढा करून देतात.

बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, निष्कर्ष काय अपेक्षित आहे?

रूथ म्हणाली, "काहीच परिणाम होऊ नये, अशी अपेक्षा आहे."

आपलं औषध लागू पडू नये असं म्हणणारा विद्यार्थी त्या टेबलासमोर त्याआधी कुणी पाहिला नव्हता. तज्ज्ञांना वाटलं मुलगी घाबरली आहे. त्यांनी समजुतीच्या सुरात पुन्हा विचारलं. तिने तेच उत्तर दिलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी कारण विचारलं. तिने सरळ सांगितलं. गुरुजींच्या पोटात बरेच महिने कळा येत होत्या. वजन उतरलं होतं. शौचातून रक्त जातं, हे तिला त्यांच्या धुण्याच्या कपड्यांवरून कळलं होतं. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. गुरुजी तयार नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ मुरुडशेंगेचा काढा घ्यायचे, कळ थांबायची, आणि कळ थांबली की म्हणायचे, "दुखत नाही ते तपासायचं कशाला?"

"सर," रूथ म्हणाली, "ते माझं ऐकत नाहीत. पण प्रयोगाचं ऐकतील. आयुष्यभर विज्ञान शिकवलंय त्यांनी."

विषय मंजूर झाला. मला मात्र तेव्हापासून झोप नीट लागेना, कारण मुरुडशेंग लागू पडते असा माझा अंदाज होता.

* * *

शेंगा आणायला गाडेकर नगरला गेले. कापडबाजाराच्या मागे काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. दुकानदाराने मुरुडशेंग काढली आणि विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे?

गाडेकर म्हणाले, बाळ नाही, पण दहा किलो द्या.

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. दहा किलो मुरुडशेंग म्हणजे साऱ्या तालुक्याच्या बाळगुटीला पुरून उरावी. त्याने आतल्या आपल्या वडिलांना हाक मारली. म्हातारे बाहेर आले, त्यांनी गाडेकरांना नखशिखान्त न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "शेंग देतो. पण येवढी लेकरं एकदम रडत असतील, तर पोटाचं दुखणं नसेल ते. आईला जरा नीट जेवायला घाला."

गाडेकर हा किस्सा स्वतःच सांगायचे, पण 'आईला' या शब्दाशी आले की चहाचा कप तोंडाला लावायचे.

* * *

पहिला प्रयोग उंदरांवर. रीत सोपी आहे. उंदरांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं. मग अर्धे उंदीर अर्कावर, अर्धे नुसत्या पाण्यावर. त्यानंतर सगळ्यांना कोळशाची बारीक पूड पाजायची आणि ठराविक वेळाने ती काळी रेघ आतड्यात कुठवर पोचली ते मोजायचं. अर्काने आतडं मंदावलं असेल तर रेघ मागे राहते.

त्या दिवशी रेघा मागेपुढे कशाही होत्या. अर्क घेतलेले आणि न घेतलेले, काही फरक दिसेना. म्हणजे रूथला हवं होतं तेच. मी तिला इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. आकडे मांडताना ती पुटपुटत होती, बहुधा प्रार्थना असावी.

मग ती थांबली. एका उंदराचं जठर तिने उघडलं, मग दुसऱ्याचं. आत पांढरे मऊ कण होते.

मामांना बोलावलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. "सर, काल एकादशी हुती. मी बी उपाशी, ही मुकी जनावरं बी उपाशी. मला बगवंना. पर मी काय वंगाळ न्हाई दिलं. उपासाला चालती तीच भगर दिली, वाईच."

गाडेकर हसून हसून बाकावर आडवे झाले. मी रागवायचं ठरवत होतो, पण मामांचा चेहरा पाहून जमेना. त्यांच्या हिशेबाने त्यांनी उंदरांचा उपास मोडला नव्हता, पाळला होता.

रूथ तेवढ्यात म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी हे उंदीर माझ्या चर्चचे आहेत असं समजा. त्यांना एकादशी नाही."

मामाही हसले. ती मात्र टेबलाकडे गेली आणि आकड्यांवर आडवी रेघ मारली. मी पाहत होतो. पोटात अन्न असलेल्या उंदरांचे ते आकडे तिने घरी नेऊन दाखवले असते, तर गुरुजींना कोण सांगायला जाणार होतं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोटं आहे ना सर हे." एवढंच.

पुढच्या खेपेला उंदीर खरोखर उपाशी होते. अर्क घेतलेल्यांच्या आतड्यात काळी रेघ निम्म्यावरही पोचली नव्हती.

* * *

मग बोकडाच्या आतड्यावरचे प्रयोग सुरू झाले. बोकड कापल्याबरोबर आतड्याचा वीतभर तुकडा घ्यायचा, शरीरातल्यासारख्या खारट कोमट द्रावणात ठेवायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. तुकडा कितीतरी वेळ जिवंत राहतो. आपोआप आकसतो, सैल होतो. त्याला दोऱ्याने एक काडी बांधायची. काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकतं, कागद गोल फिरत राहतो, आणि काळ्यावर पांढऱ्या लाटा उमटतात. इतर ठिकाणी कॉम्प्युटर आले होते. आमच्याकडे अजून काजळीचाच ड्रम होता.

तुकडा गावातल्या हनीफभाई खाटकाकडून यायचा. रूथ रोज पहाटे थर्मास घेऊन जायची. हनीफभाई तिला म्हणायचे, "बाई, मटन सोडून आतडंच न्हेती तू. तुज्या घरी जेवाया यायची भीती वाटती बग."

एकदा मी त्यांना प्रयोग बघायला बोलावलं. वाटलं, माणूस इतकं सहकार्य करतो, त्याला कळू द्यावं. हनीफभाई नवा सदरा घालून आले. काचेच्या भांड्यात सकाळचाच तुकडा हलत होता, वर लाटा उमटत होत्या. मी समजावून सांगायला लागलो.

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग नजर खाली घातली.

"सर, आमी कापतो ते मरतं," ते म्हणाले. "तुमी मरू बी देत न्हाई."

चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी थर्मास भरून द्यायला त्यांनी कां कू केली नाही, पण माझ्याकडे पाहिलं की ते हलकेच मान वळवायचे. अजूनही मला वाटतं, मी त्यांना बोलवायला नको होतं. की बोलावलं ते बरंच केलं? ठरत नाही.

* * *

अर्काचा तपकिरी थेंब भांड्यात पडला की लाटा बसायच्या. एकदम नाही. आधी बुटक्या व्हायच्या, मग लहरी, मग सरळ रेघ. द्रावण बदलून तुकडा धुतला तरी रेघ सरळच. दोनदा धुवा, तीनदा धुवा. आम्ही कॅन्टीनला जाऊन चहा पिऊन परत यायचो, तरी आतडं गप्प. अर्क चिवट होता, तुकड्याला धरून बसायचा.

औषधशास्त्राच्या दृष्टीने हा निकाल देखणा होता. गाडेकरांनी पेढे आणले. रूथने एक पेढा घेतला, हातात धरून ठेवला आणि जो प्रश्न विचारला तो मी अजून विसरलेलो नाही. या एका बाबतीत माझी आठवण पक्की आहे.

"सर, आतडं बरं झालंय, की फक्त गप्प झालंय?"

मी म्हणालो, गप्प झालंय. कळ ही आतड्याच्या आकसण्याची असते. आकसणं थांबलं की कळ थांबते. आत जखम असो, गाठ असो, ती तिथेच राहते.

"हे त्यांना कसं सांगू?"

मी प्राध्यापकासारखं काहीतरी बोललो असेन.

तिने घरी सांगून पाहिलंच. कोल्हारला तिचा निकाल तिच्याआधी पोचला होता, कारण गाडेकरांना दगड पचेल, पण बातमी पचत नाही. गुरुजींनी शेजाऱ्यांना सांगितलं, "माझ्याच मुलीने सिद्ध केलंय. सरकारमान्य उंदीर आहेत." काढा दोन वेळांचा तीन वेळांचा झाला. गुरुजी आणखी वाळले. रूथने प्रबंध लिहिणं थांबवलं. मी दटावलं, तर म्हणाली, "काय लिहू? त्यांना मी दिलेलं सर्टिफिकेट होईल ते."

* * *

मग एक दिवस गुरुजी स्वतः प्रयोग बघायला आले. रूथनेच बोलावलं होतं. शिंगणापूरच्या भाविकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, म्हणून त्यांना उशीर झाला आणि ते दमले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती. तरी आल्या आल्या त्यांनी फळ्यावरची माझी एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मग बसले.

रूथने तुकडा बांधला. लाटा सुरू झाल्या, उंच, एकसारख्या. गुरुजी पुढे वाकून बघत होते. वर्गात चांगला विद्यार्थी बघतो तसे.

"ही तुमची कळ," रूथ म्हणाली.

तिने बर्फात ठेवलेली लहान बाटली काढली, ड्रॉपर भरला आणि भांड्यात थेंब सोडले. काडी एकदम खाली आली. सरळ रेघ.

गुरुजी खुशीत माझ्याकडे वळले. "बघा. सांगत नव्हतो?"

"थांबा, पप्पा," रूथ म्हणाली. तिने नळी उघडली, जुनं द्रावण सोडून दिलं आणि नवं भरलं. एकदाच.

काडी हलली. एक लाट आली. मग दुसरी, मग तिसरी, पहिल्याइतकीच उंच.

गुरुजी ती काळी पट्टी बघत राहिले. लाटा, सपाट रेघ, पुन्हा लाटा.

"म्हणजे धुतलं की आतलं होतं तसंच," ते म्हणाले.

"तसंच," रूथ म्हणाली.

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "नगरच्या त्या डॉक्टरांची वेळ कधीची मिळेल?"

तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. रूथचा प्रबंधही पुढे पूर्ण झाला. त्यात फक्त तपकिरी अर्काच्या पट्ट्या होत्या, सरळ रेघांच्या. गुरुजींसमोर काढलेली पट्टी नव्हती. ती कुठे गेली म्हणून मी विचारलं नाही.

पण माझ्या मनात किडा शिरला होता. मुरुडशेंगेचा अर्क एका धुण्यात कधीच निघत नव्हता. आणि तो बर्फात ठेवायची गरज नव्हती. बर्फात आम्ही ॲड्रेनलीनचं बिनरंगी द्रावण ठेवायचो. तेही आतडं थांबवतं, झटक्यात, आणि एकदा धुतलं की निघून जातं. त्या दिवशी मी दोन हात अंतरावर उभा होतो, मोतीबिंदू पिकत आला होता, आणि थेंब तपकिरी होता की नाही हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. प्रत्येक वेळी आठवायला जावं तर थेंबाचा रंग बदलायचा.

* * *

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, नाताळात कोल्हारला साळव्यांकडे गेलो. रूथ सासरहून आली होती. गुरुजी थकले होते, पण ताठ होते. घारगे आणि करंज्या पुढे ठेवून रूथ चहा करायला आत गेली.

आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. गुरुजी, त्या दिवशी प्रयोगात रूथने जे थेंब टाकले, त्यांचा रंग कसा होता, आठवतं का?

गुरुजींनी करंजी बशीत ठेवली.

"पाण्यासारखा," ते म्हणाले. "मुरुडशेंग मी कपाच्या कपाने प्यालोय, सर. तिचा रंग मला माहीत नसणार?"

"तेव्हाच लक्षात आलं होतं?"

"बाटली काढली तेव्हाच. काढताना ती माझ्याकडे बघत नव्हती. लहानपणी गणित चुकलं तरी ही पोर आपणहून येऊन सांगायची."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत? आणि दवाखान्यात कसे गेलात?"

आतून कपबशांचा आवाज आला. गुरुजींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला माझ्यासाठी खोटं करावं लागलं, म्हणून गेलो. बोललो असतो तर तिला परत खरं बोलावं लागलं असतं."

रूथ चहा घेऊन आली. वडिलांच्या कपात तिने अर्धा चमचा साखर कमी घातली होती. चहा झाल्यावर ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एस.टी.ची वाट बघताना मी तिला ॲड्रेनलीनबद्दल विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. "पप्पांना मात्र अजून माहीत नाही."